रुमालाखालचा भाव

— नाही, नाही भाऊ, तो रुमाल काढा बाजूला. माझा हात आत ओढू नका. मला माहीत आहे हो बाजाराची रीत, तुम्ही पुण्याकडून आलात अन् मला सारंगखेड्याची रीत शिकवता? पस्तीस वर्षं या यात्रेत दावण बांधतोय मी. रुमालाखाली हात, बोटावर बोट, बाहेरच्याला पत्ता नाही की आत दोन ठरले की दहा — सगळं येतं मला. पण आता नाही करत. माझ्याशी बोलायचं तर तोंडानं बोला, मोकळ्यावर, शेजारचे चार कान ऐकतील असं. हसतात लोक, हसू द्या. हिलाल रेडिओ म्हणतात मला — भाव मोठ्यानं सांगतो म्हणून. तुम्हालाही कोणी सांगितलंच असेल चहाच्या टपरीवर, की लिंबाखाली कोरीट गावचा म्हातारा बसलाय, खांद्यावर रुमाल नसलेला. हाव, तोच मी. बसा. त्या पोत्यावर बसा, स्वच्छ आहे.

भाव विचारलात ना घोडीचा? अकरा लाख. ऐकलं? अकरा. आता रीत अशी आहे, की तोंडानं बोललेला आकडा समोरच्यानं जसाच्या तसा धरला तर जनावर द्यावंच लागतं. नाही दिलं तर त्या माणसाच्या दावणीपुढं पुन्हा कोणी उभं राहत नाही. म्हणून तर लोक रुमालाखाली बोलतात — आत बोललेलं नाकारता येतं. मी तीन यात्रा झाल्या, अकराच सांगतोय. साडेसहाच्या वर कोणी गेलं नाही. बघा, सावकाश बघा, घाई नाही. ती बाटली? तेलाची आहे. शेंगदाण्याचं तेल, घरचं. घ्या ना — घ्या हातावर थोडं अन् चोळा तिच्या पांढऱ्या डागावर, तपकिरीवर चोळा, पायावर चोळा, पाहिजे तिथं चोळा. रंग हाताला लागला तर घोडी फुकट घेऊन जा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा. काही लागलं हाताला? नाही ना. जन्मापासून आहेत ते डाग.

अबलक आहे ती. तपकिरी अंग अन् त्यावर पांढरे पट्टे, ढगासारखे पसरलेले. पांढऱ्याखाली कातडी बघा — गुलाबी आहे. नाकपुडीही गुलाबी. उन्हाळ्यात भाजते, आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, एप्रिलपासून तिला गोठ्याबाहेर काढत नाही दुपारी. आता तुम्ही नवीन दिसता या धंद्यात, रागावू नका, बूट बघून कळतं — तर सांगतो, भाव कसा ठरतो ते. आधी रंग. सगळं अंग पांढरं अन् कातडी गुलाबी म्हणजे नुकरा. सात-आठ वर्षांमागं नुकऱ्याला मागाल तो भाव होता, लग्नाच्या वरातीत नवरदेवाला नुकराच पाहिजे, पुढाऱ्याच्या दारात नुकराच पाहिजे. मग काय, सगळ्यांनी नुकरेच काढले. ज्याच्याकडे बघाल त्याच्या दावणीला पांढरं शिंगरू. भाव पडला. आता अबलक चाललंय, मोबाइलवर व्हिडिओत बरं दिसतं म्हणून. पण अबलक काढणं सोपं नाही — अबलक घोडा अबलक घोडीला लावा, शिंगरू येतं साधं तपकिरी, एक ठिपका नाही. अकरा महिने वाट बघायची अन् साधं तपकिरी. अन् कधी एखादी अशी येते. मग चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे अन् कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी — लाखभर वर. गळ्याशी हा भोवरा बघा, केस असे गोल फिरलेत — देवमण म्हणतात याला, शुभ. अजून दीड लाख. कानांची टोकं एकमेकांना टेकतात, ते वेगळं. अन् उलटंही असतं बरं का. डोळ्याखाली भोवरा असला तर आसूढाळ. अशी घोडी घरात रडू आणते म्हणतात. चाल बघत नाही कोणी, दात बघत नाही, चार लाखाची घोडी ऐंशी हजाराला जाते. एकच पाय पांढरा असला तरी तसंच. जनावराला काय ठाऊक आपल्या अंगावर कुठं भोवरा आहे. ते चारा खातं.

मग लोक काय करतात? रंगवतात. तोंड वाकडं करू नका, सगळे करतात — आणि मी सगळ्यांत चांगला करायचो. खोटं कशाला बोलू, दत्ताच्या दारात बसलोय. एक पाय पांढरा असलेलं जनावर आलं की लोक माझ्याकडं आणायचे गुपचूप. लोखंडी कढईत आवळा, कात, थोडी मेंदी, अन् धरून राहावं म्हणून राळ — ती स्पिरिटमध्ये विरघळवायची. कुणाला नाही सांगितलं प्रमाण आजवर. दुसऱ्यांचा रंग एका पावसात उतरायचा. हिलालचा रंग तापीत पोहवून आणा, निघत नाही. घामानं नाही, साबणानं नाही. अशी तेरा-चौदा जनावरं मी रंगवून विकलीत या मैदानात. अभिमान होता हो मला. दुसऱ्याच्या गळ्यात काय बांधतोय, असं कधी मनात आलं नाही. आलं असेल, पण थांबलं नाही.

हिचं नाव? गोधडी. हसलात ना? सगळे हसतात. एवढ्या किमती घोडीचं नाव कोणी गोधडी ठेवतं का. माझ्या पोरीनं ठेवलं — कामिनीनं. शिंगरू पडलं तेव्हा ती बारा वर्षांची होती, गोठ्यात माझ्याआधी पोचली, अन् म्हणते आप्पा, हाई ते गोधडी शे! ठिगळं लावल्यासारखी दिसली ना. मी म्हटलं बिजली ठेवू, राणी ठेवू. नाही. गोधडीच. शिंगराला आई दूध पाजेना पहिले दोन दिवस, तर पोरीनं बाटलीनं पाजलं. घोडी तिच्या मागंमागं चुलीपर्यंत यायची, दगूबाई — माझी मंडळी — लाटणं घेऊन हाकलायची. मी यात्रेला आणायचो ना पोरीला, इथंच या लिंबाखाली. अन् सौदा नसला की खेळ. रुमाल टाकायचो दोघांच्या हातावर, अन् तिची बोटं दाबायचो — सांग, कितलं? ती म्हणायची तीन. आता? साडेचार. आता? आप्पा, तुम्ही फसवताय, हे सव्वादोन आहे. सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून. बाजारातल्या दलालांना चुकायचं तिथं तिला चुकायचं नाही. लांबून रुमाल हललेला बघून सांगायची, आप्पा, त्यांचं पटलं, अडीचला.

चौदाव्या वर्षी तिच्या बोटाच्या पेरांवर पांढरं आलं. मग ओठाच्या कोपऱ्यात. मग कानामागून मानेवर. नंदुरबारला दाखवलं, डॉक्टर म्हणाले कोड आहे, लागत नाही कोणाला, दुखत नाही, जिवाला काही धोका नाही, ही मलमाची ट्यूब लावा, उन्हात जपा. पोर काय करायची माहीत आहे? अर्धी ट्यूब स्वतःला, अर्धी घोडीच्या नाकाला. माझी ओरड — साडेचारशेची ट्यूब आहे ती! म्हणायची, तिचीही कातडी माझ्यासारखीच आहे ना. एकदा आरशासमोर उभी राहून म्हणाली, आप्पा, आते मी बी अबलक. हसून म्हणाली. मी नाही हसलो. मी बापच असा भाऊ, मला रंग दिसला की आकडा दिसतो. पस्तीस वर्षांची सवय. जित्याची खोड... जाऊ द्या.

चहा घेता? नको? बरं.

सांगत होतो ते पोरीचं — तर स्थळं यायची अन् जायची. शिकलेली, देखणी, हाताला चव, पण ओठाचा कोपरा बघितला की मंडळी चहा अर्धा ठेवून उठायची. मग एक स्थळ आलं तापीपलीकडचं, मुलाचं नाव हेमकांत, केळी-ऊस, पाणी भरपूर. चांगली माणसं. पुढं त्यांनी लग्न मोडलं. हाव, त्यांनीच मोडलं, ऐन हळदीत. पोर नाशिकला निघून गेली, तिकडं रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तीन वर्षं झाली, माझा फोन घेत नाही. आईशी बोलते. झालं, एवढंच. तुम्ही घोडीचं बघा. धावून दाखवू का?

का मोडलं? — तुम्ही विचाराल हे मला वाटलंच होतं. तेलाची बाटली ठेवली की लोक विचारतात. बाकीच्यांना सांगत नाही. तुम्ही परके आहात, उद्या निघून जाल.

मी रंगवली तिला. बघायला यायच्या आदल्या दिवशी. गव्हाळ रंग जमवायला मला तीन दिवस लागले, कात पातळ केला, चहाचं पाणी घातलं, हळद चिमूटभर, माझ्याच मांडीवर लावून बघत होतो, दगूबाई बघत होती. मग पोरीला अंगणात बसवलं. तिचा हात असा मांडीवर घेतला — अन् काय सांगू, मी सवयीनं तो तसाच धरला जसा घोडीचा पाय धरतो, गुडघ्यात दाबून. हलू नको म्हटलं. पेरांवर ब्रश फिरवला, मानेवर, ओठाला कापूस गुंडाळलेल्या काडीनं. ती म्हणाली, आप्पा, हाई निंघी गयं ते? मी म्हटलं, मन्हा रंग निंघस का कधी? एवढंच बोलणं झालं आमचं. दुसऱ्या दिवशी मंडळी आली, हातात हात घेऊन बघितला तिचा, उजेडात बघितलं, पसंत पडली. मी आत जाऊन दगूबाईला म्हटलं, बघ, धरला की नाही. मी खूश होतो भाऊ. रंग धरला म्हणून खूश होतो. साखरपुड्याला पुन्हा लावला. लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा.

पाण्याचा विचार केला होता मी. घामाचा केला होता, डिसेंबर असला तरी मांडवात गरम होतं. अत्तराचा केला होता. तेलाचा नाही केला. घोड्याला यात्रेत तेल लावतो का कोणी? लावलं तर धूळ बसते. पस्तीस वर्षांत माझ्या रंगाला तेल कधी लागलंच नाही. अन् आमच्यात नवरदेवाची उष्टी हळद येते नवरीला लावायला, तेलात कालवलेली, त्याच्या घरच्या बाया घेऊन येतात. राळ तेलात सुटते हो! लहान पोराला कळेल ते. नवरदेवाची बहीण हात चोळत होती कामिनीचे, गाणी चालली होती, अन् तिनं आपला तळवा बघितला — सगळा तपकिरी. ओ माय, हाई काय शे? गाणं थांबलं. मग दुसरीनं मान पुसली. पदरानं पुसली. तिसरीनं ओठ. मांडवात पाटावर माझी पोर बसली होती, अन् चार बाया तिला पुसत होत्या. जसं बाजारात रंगवलेलं जनावर पकडलं की पुसतात ना ओल्या फडक्यानं, लोक गोळा होतात, बरोबर तसं. मी बघितलंय ते कित्येकदा. माझं जनावर कधी सापडलं नव्हतं.

मोडलं का त्यांनी? — नाही. खरं सांगतो, त्यांनी नाही मोडलं. मघाशी मी खोटं बोललो तुमच्याशी. नवरदेवाचा बाप आला बाहेर, चिडला होता, फसवलं म्हणाला, बरोबरच होतं त्याचं. पण जात नव्हता. उभा होता. मी बाजारातला माणूस, मला कळतं — गिऱ्हाईक रागावून निघून जातं तेव्हा ते गेलेलं असतं. रागावून उभं राहिलं तर ते अजून घेणार असतं. माझ्या खांद्यावर रुमाल होता. मी काही ठरवलं नाही भाऊ, देवाशपथ, हात आपोआप गेला. त्याचा हात धरला अन् रुमाल टाकला वर. मांडवाच्या कडेला, दोनशे माणसांपुढं. तोही जनावरांचा शौकीन, बोटं त्याला येत होती. त्यानं माझी दोन बोटं दाबली. दोन लाख. पोरीला डाग आहेत त्याचे. मी एक दाबलं. त्यानं परत दोन. मी सव्वा. असं चाललं. अन् मला — थांबा, हे मी दगूबाईलाही सांगितलेलं नाही — मला जोर आला. अंगात यात्रा आली. पोर पाटावर अर्धी पुसलेली बसलीय अन् मी आकडा खाली आणतोय. दीडवर आला तो, पण वर एक बोट तळव्यावर फिरवलं — वर काहीतरी दे, असा अर्थ. मी रुमाल तसाच ठेवून मानेनं गोठ्याकडं दाखवलं. गोधडी. दीड अन् गोधडी. पटलं. दोनचं दीडवर आणलं म्हणून मला बरं वाटलं. एक क्षण, पण वाटलं. रुमाल काढला अन् हसत मागं वळलो.

ती बघत होती. विसरलो होतो मी. सगळ्या मांडवात एकटीच होती जिला लांबून रुमाल वाचता यायचा, अन् मीच शिकवला होता. उठून आली माझ्याजवळ, हळदीच्या साडीत, एका हाताची पेरं गव्हाळ अन् दुसऱ्याची पांढरी. आवाज चढवला नाही. म्हणाली — आप्पा, कितलामा पटनं?



तिला आकडा ठाऊकच होता. मला बोलायला लावत होती. तोंडानं. मोठ्यानं. मी खाली बघितलं. मग ती न्हाणीत गेली, तेलाची बुधली घेऊन, अन् राहिलेलं सगळं स्वतःच्या हातानं काढून आली. मांडवात येऊन सांगितलं, मी नाही लग्न करत. कोणावर रागावली नाही, रडली नाही. नवरदेवाचा बाप माझ्याकडं बघत होता, आता काय म्हणून. सकाळी शहाद्याच्या स्टँडवरून नाशिकची गाडी धरली तिनं. जाताना गोठ्यात गेली होती. माझ्याकडं नाही आली. आईला म्हणाली, गोधडीले इकू नका. इतलंच.

विकायची नव्हतीच मग आणता कशाला — दगूबाई हेच विचारते दरवर्षी. तुमच्याही तोंडावर तेच आहे. पोरीला ही जागा माहीत आहे ना. लहानपणापासून यात्रा चुकवली नाही तिनं. म्हटलं, माझ्यासाठी नाही येणार, घोडीला बघायला आली तर आली. लांबून बघून गेली तरी चालेल. दगूबाईच्या मोबाइलवर फोटो आला होता दिवाळीला — आता गालावरही आलंय पांढरं, कपाळावर आलंय, अन् काही लावलेलं नाही, उघड्या तोंडानं हसतेय. सुंदर दिसत होती हो. मन्ही पोर. मी फोटो मोठा करून बघत बसलो, अन् एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याच्यात आकडा नाही दिसला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. तर घोडी घेऊन बसतो, अन् बाजारात बसायचं तर आकडा सांगावा लागतो, म्हणून अकरा सांगतो. कोणी देणार नाही असा.

काय म्हणालात?

नाही, जरा मोठ्यानं बोला — अकरा? अकरा दिले म्हणता? अहो, चेष्टा करू नका. सहाची घोडी आहे ती, फार तर साडेसहा, बारा वर्षांची झालीय, तुम्हाला कोणी शिकवलं नाही का, उन्हात नाक भाजतं तिचं, दर उन्हाळ्याला... बॅग उघडू नका. उघडू नका हो बॅग, लोक बघतायत. ऐकलं सगळ्यांनी, हाव, ऐकलंय, तो बघा शेजारचा उभा राहिला. धरला तुम्ही आकडा. तोंडानं बोललो होतो मी. द्यावी लागते, रीत आहे, मीच सांगितली तुम्हाला मघाशी.

नाही देत.

काय बोंबलायचं ते बोंबला. सांगा जाऊन टपरीवर, हिलालचा शब्द खोटा, त्याच्या दावणीपुढं उभं राहू नका. नका राहू. थुंका पाहिजे तर. तीन वर्षं मी हे रोज रात्रंदिवस घोकतोय — त्याचा हात रुमालाखाली माझ्या हातात होता, दोन बोटं दाबली होती त्यानं, अन् मला फक्त हात काढून एवढंच म्हणायचं होतं, दोनशे माणसांपुढं. नाही देत, जा. एवढंच. जमलं असतं. बघा, आता जमलं.

सोडा दोर तिचा. मी म्हणतो सोडा. जा तुम्ही.